कुंकू लावलेलं पातं

अभिनव सातपुते मला आवडत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणाला उगाच शोध लावल्याचा आनंद व्हायला नको. मुलगा वाईट नाही. सकाळी भेटला की नमस्कार करतो, डब्यातली जवसाची चटणी पुढे करतो, यवतमाळला आईला रोज फोन करतो. मला तो आवडत नाही कारण मला त्याचा हेवा वाटतो, आणि ज्याचा हेवा वाटतो त्याची चटणीसुद्धा घशाखाली उतरत नाही.

मी दीपमाला. हडपसरच्या एका आयटी कंपनीत जपानी भाषेची दुभाषी आहे. आमची कंपनी जपानमधल्या एका सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यासाठी सॉफ्टवेअर लिहिते. तिकडची माणसं बोलतात जपानी, इकडची बोलतात कॉलेजातलं इंग्रजी, आणि मधे मी. मी जपानी शिकायला लागले तेव्हा देशाची बाजारपेठ नुकतीच खुली झाली होती. मंडईमागच्या आमच्या चाळीत लोक विचारायचे, "जपानी शिकून काय, खेळणी विकणार का?" आता तेच लोक भाच्या-पुतण्यांचे बायोडेटा माझ्या हातात कोंबतात.

माझ्या जपानीच्या बाईंनी मला दोन गोष्टी दिल्या. एक म्हणजे दुभाष्याचा नियम. समोरचा 'मी' म्हणाला की आपणही 'मी'च म्हणायचं, 'ते असं म्हणतात की' वगैरे फाटे फोडायचे नाहीत. शब्द गाळायचा नाही, पदरचा घालायचा नाही, आपल्याला पटो न पटो. हा नियम मी आजवर मोडलेला नाही. माधव सर, म्हणजे आमचे संचालक, एकदा भर मीटिंगमध्ये म्हणाले होते, "हा जपानी म्हणजे डोक्याला ताप आहे, हे नका सांगू." मी म्हटलं, "मग माझ्यासमोर बोलू नका."

दुसरी गोष्ट म्हणजे तलवारी. सरावासाठी म्हणून बाईंनी मला तलवारी घडवण्याच्या परंपरेवरचा एक जाडजूड जपानी ग्रंथ अनुवादाला दिला. दोन वर्षं मी त्यात बुडाले होते. पुढे बाई जपानला जाऊन आल्या आणि माझ्यासाठी पात्याला लावायच्या तेलाची इवलीशी बाटली घेऊन आल्या, लवंगेच्या वासाची. म्हणाल्या, "आधी तेल घे, पातं येईल मागाहून." बाई गेल्या. पातं काही आलं नाही. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, तशी ती बाटली मी वर्षानुवर्षं पर्समधून वागवत होते. खरं जपानी पातं मी फोटोशिवाय कधी पाहिलं नव्हतं.

आणि मग कंपनीत अभिनव आला.

तो प्रोग्रामर. जपानी शिकला तो कार्टून बघून. त्याला कार्टून म्हटलेलं चालत नाही, 'ॲनिमे' म्हणायचं. हार्ड डिस्क भरभरून बघायचा. मी ऑफिसात घेत असलेल्या जपानीच्या वर्गाला दोनदा आला आणि तिसऱ्यांदा म्हणाला, "मॅडम, असं जपानी खरं कोणीच बोलत नाही ना जी." त्याचं जपानी म्हणजे समोरच्याचं मुंडकं उडवायच्या तयारीत असलेल्या माणसाचं. पहिल्याच फोनवर तो क्लायंटच्या हिशेब विभागातल्या बाईंना काहीतरी असं म्हणाला की मराठीत त्याचा अर्थ झाला असता, "बोल, तुझा अहवाल कुठे दडवलायस!" मी कपाळावर हात मारून घेतला. त्या बाई हसत सुटल्या. सहा वर्षं मी त्यांच्याशी बिनचूक आदरार्थी जपानी बोलत होते. माझ्याशी त्या एकदाही हसल्या नव्हत्या.

त्याला तलवारींचं वेड आहे हे मला कँटीनमध्ये कळलं. तो पेपर नॅपकिनवर तलवार काढत बसला होता. ती तलवार खांद्याएवढी रुंद होती, दाराची फळी शोभावी अशी.

"ही उचलायला क्रेन लागेल," मी म्हटलं.

"हिरो उचलतो जी एका हाताने. आणि त्याला राग आला की ही लाल होते."

"आणि सर्दी झाली की?"

योगेश म्हणून आमच्यातला एक टेस्टर आहे, तो फिदीफिदी हसला. मला तेवढंच निमित्त पुरलं. मग रोज दुपारी आमची जुंपायला लागली. अभिनव सांगायचा, तलवार डोंगर कापते, आगगाडी कापते, म्यानातून काढताना कशी 'खर्रिंग' करते. मी सांगायचे, म्यान लाकडाचं असतं, लाकडातून पोलाद काढताना असला आवाज येत नाही, आला तर म्यान करणाऱ्याला हाकलून द्यावं. तो म्हणायचा, हजार वेळा घडी घातलेलं पोलाद असतं. मी म्हणायचे, हजार वेळा घातलीस तर हातात काजळी उरेल. दहा-पंधरा घड्याच घालतात, पण दर घडीला थर दुप्पट होतात आणि ते थर हजारोंवर जातात, गणित तुमच्याकडे होतं ना इंजिनियरिंगला?

मग मी खरं काय ते सांगायचे. काळी लोहवाळू आणि कोळसा मातीच्या भट्टीत घालून तीन दिवस जागतात, भट्टी फोडून पोलादाचा गड्डा काढतात, त्यातले चांगले तुकडे निवडून घेतात. पातं घडवून झालं की त्याला माती लिंपतात, धारेकडे पातळ आणि पाठीकडे जाड. मग तापवून पाण्यात. धार झटकन निवते आणि टणक होते, पाठ सावकाश निवते आणि चिवट राहते. तलवारीचा बाक फारसा कोणी ठोकून आणत नाही, त्या पाण्यात पातं आपणहून वाकतं. कित्येक पाती तिथेच तडकतात आणि महिन्यांची मेहनत चुलीत जाते. टिकलं तर ते घासणाऱ्या दुसऱ्या कारागिराकडे जातं, तो दगडांवर आठवडेच्या आठवडे घासतो. लोहाराचं नाव मुठीच्या आत लपतं. तो आतला भाग कधीच घासत नाहीत, त्याच्या गंजावरून पात्याचं वय ओळखतात.

"आणि घासलेल्या पात्याला उघड्या बोटाने हात लावत नाहीत," मी शेवटी म्हणायचेच. "बोटाच्या घामानेही डाग पडतो."

अभिनव वाद घालायचा नाही, हे त्यातलं सगळ्यात संतापजनक. तो ऐकत ऐकत पेन्सिल चालवायचा. मी मातीचा लेप सांगत होते तेव्हा त्याने नॅपकिनवर चार रेघांत ते पातं काढलं, धारेकडे पातळ, पाठीकडे जाड, वर वाफ. मी फोटोंत पाहिलं होतं तसंच होतं. दोन वर्षं घालून मी त्या ग्रंथाचं भाषांतर केलं होतं आणि हा मुलगा पोळीचा घास चावता चावता ते काढून मोकळा झाला. मी त्याच नॅपकिनने हात पुसले आणि तो टाकून दिला.

आता कुबोता सान, म्हणजे आपल्याकडचे कुबोता साहेब. हे क्लायंटच्या कारखान्याचे व्यवस्थापक, वर्षातून दोनदा पुण्याला येतात. त्यांचे थोरले भाऊ तलवारी घडवतात, खरेखुरे, गुरूच्या हाताखाली वर्षानुवर्षं राबून परवाना मिळवलेले. मला हे कळलं त्या दिवशी मी त्यांना विमानतळापर्यंत सोडायला गेले. येरवड्याच्या सिग्नलला गाडी अडकली, मी मनात देवाचे आभार मानले आणि तेवढ्या वेळात भावाच्या भट्टीबद्दल जमतील तितके प्रश्न विचारून घेतले. कुबोता सान उत्तरं देत राहिले. उतरताना म्हणाले, "पुढच्या खेपेला भावाने केलेलं काहीतरी घेऊन येईन."

'तुमच्यासाठी' असं ते म्हणाले नव्हते. पण गाडीत दुसरं होतं कोण? ड्रायव्हर!

२००८ च्या जूनमध्ये ते आले. आठवडाभर अभिनव त्यांच्याशी आपल्या त्या मुंडकं उडवणाऱ्या जपानीत तलवारींबद्दल बोलत होता. शेवटच्या दिवशी मोठ्या मीटिंगरूममध्ये सगळे जमलो होतो. त्यांनी बॅगेतून जरीच्या कापडाची लहान पिशवी काढली. पूर्ण तलवार देशाबाहेर न्यायची म्हणजे परवान्यांचं जंगल, त्यामुळे हे वीतभर लांबीचंच होतं. ते उभे राहिले आणि बोलायला लागले, मी भाषांतर करायला लागले.

"हे माझ्या भावाने केलेलं छोटं पातं आहे," मी म्हणाले. "तलवारीचंच पोलाद, तलवारीसारखंच घडवलेलं." मी खुर्चीतून अर्धी उठलेसुद्धा होते, हात पुढे येतच होते. "आणि मी हे अभिनव सानना देतो."

नियम म्हणजे नियम. ते वाक्य मी माझ्याच तोंडाने, 'मी'सकट पूर्ण केलं. अर्धी उठले होते म्हणून पाण्याची बाटली उचलली, मग बसले. अभिनव माझ्यासमोरून गेला, वाकला, दोन्ही हातांनी पिशवी घेतली. टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ना, तो नागोबा माझ्यासमोर उभा राहून लाजत होता.

कुबोता सान त्याच्या कानाशी वाकून आणखी काहीतरी बोलले. ते मला ऐकू आलं नाही. आणि दुसऱ्याच दिवशी त्याने काय करावं? त्या पात्याने पेन्सिलीला टोक काढलं.

मी माझ्या जागेवरून पाहिलं. पांढरट लाकडाची साधी मूठ त्याच्या डाव्या हातात, कारण तो डावखुरा. अंगठा पात्याच्या पाठीवर टेकलेला. पेन्सिलीची साल कागदावर पडत होती, कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ. मी उठून गेले.

"अंगठा काढ त्याच्यावरचा."

"टोक काढून राहिलो, मॅडम."

"भट्टीपुढे जागरणं केली आहेत लोकांनी त्या पोलादासाठी. आणि तू त्याने नटराज पेन्सिल तासतोयस?"

"पण चाकूच आहे ना हा. लई मस्त टोक निघते. बघा की." त्याने ते माझ्यापुढे धरलं.

मी घेतलं नाही. कोणाच्या मेहेरबानीने एक मिनिट हातात घ्यायला मी भिकारीण नव्हते. त्याने त्या पेन्सिलीने खांद्याएवढ्या रुंद तलवारी काढायला सुरुवात केली. खऱ्या पोलादाने टोक काढायचं आणि खोट्या तलवारी काढायच्या, म्हणजे अकलेचा केवढा उजेड! मी दिवसातून एकदा तरी जाऊन त्याला बोलायचे, "हात लावू नकोस, पूस, कोरडं ठेव." योगेशने माझं नाव 'पुरातत्त्व खातं' ठेवलं. सगळ्या मजल्याला कळून चुकलं होतं की बाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्यात. खोटं नव्हतं ते.

खंडेनवमी आली. आमच्या कंपनीत ती दणक्यात होते. एका लांब टेबलावर पांढरी चादर घालून लॅपटॉप, कीबोर्ड, इलेक्ट्रिशियनचे पान्हे, कँटीनची विळी, सगळं मांडतात. पूजा माधव सरांच्या आई करतात. कौशल्याबाई म्हणजे ऐंशी वर्षांचं लोण्यासारखं माणूस, आणि वर्षातून एकच दिवस ऑफिसात येतात. झेंडूची फुलं मी मंडईतून नेते. त्या दिवशी टोपली घेऊन पोचले आणि बघते तर विळीच्या शेजारी, म्यानातून काढलेलं, उघडं, ते पातं.

"खंडेनवमीला खरं शस्त्र ठेवावं, असं सरच म्हणाले," अभिनवने सांगितलं. चेहरा असा, की जणू स्वतःच घडवलंय.

कौशल्याबाई एकेका वस्तूला हळदीकुंकू लावत येत होत्या. वाटीत पाणी घालून कालवलेलं ओलं कुंकू. फुलाने पाणी शिंपडायचं, बोटाने हळद, मग कुंकू, वर फूल. कीबोर्ड झाला. पान्हा झाला. विळी झाली.

"अहो आई, थांबा!" मी ओरडले. "त्याला नका लावू. बोट नका लावू!"

कौशल्याबाईंचं बोट हवेत राहिलं. त्या घाबरून मुलाकडे बघायला लागल्या.

"दीपमाला," माधव सर दातावर दात ठेवून म्हणाले, "पूजेत तरी राहू द्या की."

"सर, डाग पडेल. ते पोलाद वेगळं असतं, ओलावा त्याला—"

"मॅडमना आज पूजेचाच त्रास होतोय," मागून योगेशचा आवाज आला. "पातं गंजो न गंजो, माणूस जळतंय." हशा पिकला.

मी अभिनवकडे पाहिलं. तो एक शब्द बोलला असता तर पुरे होतं. पातं त्याचं होतं. तो कौशल्याबाईंना म्हणाला, "लावा जी, आजी. काही होत नाही."

त्यांनी लावलं. चांगलं ठसठशीत, बोट दाबून. वर ओला झेंडू ठेवला. चार महिने मी खोट्या कारणासाठी इतकं बोलले होते की खऱ्या कारणासाठी बोलले तेव्हा माझ्याजवळ पत उरली नव्हती. आरतीत मी टाळ्या वाजवल्या नाहीत, एवढंच केलं.

मांडलेली पूजा हलवायची नसते. दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुट्टी, म्हणजे ते पातं शुक्रवारपर्यंत ओल्या फुलाखाली राहणार. संध्याकाळी मजला रिकामा होत आला तेव्हा मी तेलाची बाटली आणि मऊ फडकं घेऊन टेबलापाशी गेले. फूल उचललं.

"मॅडम." अभिनव मागे उभा होता. "काय करून राहिले?"

"पुसतेय. तेल लावते आणि परत ठेवते. कोणाला कळणार नाही."

तो माझ्या आणि टेबलाच्या मधे आला. असं तोंड मी त्याचं आधी कधी पाहिलं नव्हतं. "राहू द्या. ते माझं आहे, मॅडम."

"मग ठेव तुझं," मी म्हटलं आणि फूल परत जसंच्या तसं ठेवलं, बरोबर कुंकवावर. बसमध्ये खिडकीशी बसले आणि मनातल्या मनात म्हटलं, पडू दे डाग. चांगला खोल पडू दे. सणासुदीला असं म्हणू नये, पण म्हटलं.

पडला. दिवाळीनंतर अभिनव माझ्या जागेपाशी आला, हातात जरीची पिशवी, चेहरा ओढलेला. त्याने पातं काढलं. मधोमध तांबूस तपकिरी ठसा होता, कौशल्याबाईंच्या बोटाचा. बोटावरच्या रेघासुद्धा दिसत होत्या.

"कुबोता सान जानेवारीत येणार आहेत," तो म्हणाला. "टूथपेस्टने घासून पाहू का जी?"

मी त्याच्या हातावर फटका मारला. खरंच मारला. मग पातं त्याच्याकडून घेतलं, पहिल्यांदाच, रुमालात धरून. खिडकीच्या उजेडात तिरपं केलं. लाकडात असतात तशा बारीक रेषा पोलादात होत्या. धारेच्या काठाने पांढरी धुक्याची ओळ चालली होती, मातीच्या लेपाची खूण. ग्रंथात तिच्यासाठी तेरा-चौदा शब्द होते, मी सगळ्यांना मराठी शब्द शोधले होते, आणि एकही बरोबर नव्हता. माझे डोळे भरून आले. हे असं माझ्या हातात आलं, दुसऱ्याचं आणि डागाळलेलं. वाटलं, देवाला थट्टेसाठी दुसरं कोणी मिळालं नाही का!

"हा आपल्याच्याने जायचा नाही," मी सांगितलं. "घासणाऱ्या कारागिराचं काम आहे. आपण फक्त वाढू नये म्हणून तेल लावायचं." बाटलीचं बूच उघडलं. इतकी वर्षं बंद असलेली ती लवंग दोघांच्या मधे दरवळली.

तो बघत होता. मग खाली मान घालून म्हणाला, "कुबोता सान तेव्हा कानात म्हणाले होते. काही अडलं तर दीपमाला सानना विचार, त्यांना सगळं माहीत आहे."

"मग विचारलं का नाहीस?"

"तुम्हाला सगळंच येते, मॅडम. मी काही बोललो की तुम्हाला त्याच्या पुढचं माहीत असते. वाटलं, एखादी तर गोष्ट फक्त माझी राहू दे."

आता यावर मी विरघळायला हवं होतं. जवळपास विरघळलेही. हा मुलगा माझ्यावर जळत होता, ही बातमी मला जवसाच्या चटणीपेक्षा जास्त रुचली. पण पातं त्याला परत देताना हात जड झाला तो झालाच.

जानेवारीत कुबोता सान आले. कामाची बोलणी संपली, चहा आला, आणि त्यांनी विचारलं, "पातं बरं आहे ना?" अभिनवने दोन्ही हातांनी पिशवी पुढे ठेवली. त्याच्या कपाळावर घाम होता. माधव सर कौतुकाने बघत होते, त्यांना काहीच माहीत नव्हतं.

कुबोता सानांनी म्यान काढलं. म्यानाचा आवाज आला नाही. ते बराच वेळ बघत राहिले. मग जपानीत विचारलं, "हे बोट कोणाचं?"

खोलीत जपानी समजणारे आम्ही तिघंच. अभिनवने तोंड उघडलं.

"माझं," मी जपानीत म्हणाले.

अभिनव माझ्याकडे बघतच राहिला. पुढे कित्येक दिवस तो मला त्यासाठी देवी समजत होता, म्हणून खरं काय ते सांगून टाकते. त्याला वाचवणं माझ्या मनातही नव्हतं. आख्ख्या त्या पात्यावर माझं म्हणावं असं काही नव्हतं. भट्टी त्यांच्या भावाची, धार अभिनवच्या पेन्सिलीची, आणि डागसुद्धा जिला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं त्या म्हातारीचा. मला त्या डागाचासुद्धा हेवा वाटला. निदान तो तरी माझ्या नावावर लागावा, म्हणून मी बोलले.

कुबोता सान हसले नाहीत, रागावलेही नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या बोटांकडे पाहिलं, आणि मान हलवली. मग सावकाश, आदरार्थी जपानीत, चार-पाच वाक्यं बोलले.

"काय म्हणतायत?" माधव सरांनी विचारलं. "काही बिनसलंय का?"

आयुष्यात पहिल्यांदाच मला भाषांतर येईना. 'छान सांभाळलंय म्हणतात' असं म्हणून टाकलं असतं तर कोणाला कळणार होतं? अभिनव सोडून कोणालाच नाही, आणि तो आज माझ्याविरुद्ध बोलला नसता. पण माझ्याकडे तेवढी एकच गोष्ट होती जी त्याच्याकडे नव्हती. मी पाठ ताठ केली आणि नेहमीच्या आवाजात सांगायला सुरुवात केली.

"हे बोट दीपमाला सानांचं नाही. त्यांनी या पात्याला कधी हात लावलाच नसता. त्यांच्याइतकं माझ्या भावाचं काम समजणारं माणूस मला दुसरं भेटलेलं नाही. पण कोणी हात लावत नाही अशी पाती भावाकडे पेट्या भरून पडली आहेत. हे कापायला केलं होतं. म्हणून मी ते त्यांना दिलं नाही."

एकही शब्द गाळला नाही. 'मी'सकट सांगितलं. माधव सर एकदा माझ्याकडे आणि एकदा त्यांच्याकडे बघत राहिले आणि मग चहाच्या कपात डोकं घातलं.

कुबोता सानांनी टेबलावरची बोथट पेन्सिल उचलून माझ्यापुढे ठेवली. शेजारी पातं ठेवलं, मूठ माझ्याकडे करून. मी ते उचललं. उघड्या हाताने. अंगठा पाठीवर टेकला, पोलाद गार होतं. जोर दिला. शिसं तुटलं. परत तासलं, परत तुटलं. सगळे बघत होते आणि माझे कान तापले होते.

"इतकं कडक नका धरू, मॅडम," अभिनव हळूच म्हणाला. "पेन्सिल सरकवा मागे. पातं तसंच राहू द्या."

त्याने माझ्या हातून घेतलं, दोनदा करून दाखवलं, परत दिलं. कापताना त्याचा हात किती सहज चालत होता! मला परत जळायला झालं. मी पेन्सिल मागे सरकवली.